निरोप आणि नाडी



आज मी आपल्याशी निरोपांविषयी बोलणार आहे. आपल्या हातातल्या मोबाईलवर दिवसभर टुणटुण वाजत येतात, ते निरोप. निरोपाबरोबर तो पाठवणाऱ्याच्या मनाची अवस्थाही यंत्राने टिपून पाठवता येईल काय, असा एक उद्योग काही शास्त्रज्ञांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चालवला आहे. त्याची हकीकत आपल्याला सांगावी आणि त्यातून खेड्यातल्या माणसाने आणि शाळेतल्या गुरुजींनी काय घ्यावे, तेही पाहावे, असा माझा विचार आहे.

विषय परका वाटेल, पण त्याची अडचण घरोघरची आहे. घनसावंगीकडच्या एखाद्या गावातला मुलगा चाकणच्या कारखान्यात कामाला लागतो. आई रात्री मोबाईलवर विचारते, "जेवलास का रे?" उत्तर येते, "हो." बस्स, एवढेच. आता ह्या 'हो'चे त्या माउलीने काय करावे? पोरगा थकला आहे, की रुसला आहे, की जेवलाच नाही आणि उगीच हो म्हणतो आहे? ती रात्रभर कूस बदलत राहते, आणि तिकडे तो पोटभर जेवून गाढ झोपलेला असतो. किंवा शाळेच्या गटावर मुख्याध्यापक लिहितात, "उद्या सर्वांनी वेळेवर यावे." बाईंना ती साधी सूचना वाटते, आणि शेजारच्या गुरुजींना वाटते की हा टोमणा आपल्यालाच मारला. अक्षरे तीच, वाचणारी मने दोन.

समोरासमोर बोलताना असे फारसे होत नाही. कारण शब्द हे बोलण्याचे एक अंग झाले. आवाजाचा चढउतार, भुवईची हालचाल, मध्येच घेतलेला श्वास, हे सारे शब्दांच्या जोडीला असते. निरोप लिहिला की हे सारे सोबती मागे राहतात आणि शब्द एकटाच प्रवासाला निघतो.

आणि गंमत अशी की लिहिणाऱ्याला हे जाणवतच नाही. अमेरिकेत जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ह्यावर काही प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात काही वाक्ये सरळ अर्थाची होती, काही उपरोधाची. ती ईमेलने पाठवायची किंवा बोलून सांगायची, आणि ऐकणाऱ्याने ओळखायचे की हे खरे की टोमणा. शंभरातल्या सुमारे ७८ वेळा समोरच्याला बरोबर कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून ७३ वेळा कळले. लेखनातून कळले ५६ वेळा. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी ५० वेळा बरोबर आले असते! लिहिणाऱ्याच्या कानात त्याचा स्वतःचा आवाज घुमत असतो. तो आवाज कागदावर उतरलेला नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना ही अडचण ठाऊक होती आणि त्यांनी तिच्यावर उपायही काढले होते. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले असे. ते दिसले की आतला मजकूर शुभ आहे, हे निरक्षर माणसालाही कळे. दुःखाची वार्ता सांगणारे कार्ड वाचून झाले की फाडून टाकीत, घरात ठेवीत नसत. शब्दांच्या बाहेर अशी एक खुणेची भाषा होती. तारेला मात्र अशी खूण नव्हती. दारात तारवाला उभा राहिला की मजकूर वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई. मग मास्तरांनी तार वाचून दाखवावी, तो ती मुलाला नोकरी लागल्याची निघे! आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण दारात तारवाला पाहून धडधडलेली काळजे अजून पुष्कळांच्या आठवणीत असतील. काळीज खरेच धडधडत होते. बातमी मात्र आनंदाची होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा; पुढे आपल्याला ती लागणार आहे.

मोबाईलच्या निरोपांसाठीही अशाच खुणा निघाल्या. १९८२ च्या सप्टेंबरात स्कॉट फाल्मन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी सुचवले की, संगणकावर थट्टेने लिहिलेल्या मजकुरापुढे दोन टिंबे, एक आडवी रेघ आणि एक कंस काढावा, म्हणजे आडवा हसरा चेहरा दिसतो आणि वाचणारा रागावत नाही. पुढे १९९९ साली जपानमधल्या एका मोबाईल कंपनीने १७६ इवलीशी चित्रे काढली. तीच इमोजी. हा शब्द जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर.

पण ह्या चित्रांतही दोन खोटी आहेत. एक म्हणजे अर्थाचा घोटाळा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला तो चेहरा. कोणाच्या निधनाची बातमी आली की, अश्रू दिसतात म्हणून भलेभले लोक तोच चेहरा खाली लावून मोकळे होतात. दुसरी खोट अधिक खोल आहे. चित्र आपण निवडून लावतो. मनात संताप असला तरी बोट हसऱ्या चेहऱ्यावर ठेवता येते. मग शास्त्रज्ञांनी विचार केला की, माणसाला जे निवडता येत नाही, असे काही निरोपाबरोबर पाठवता येईल का? चेहरा निवडता येतो, पण घाम निवडता येत नाही. इथून जैविक संवेदकांची, म्हणजे अंगाला लावायच्या सेन्सरांची, कथा सुरू होते.

आता हे संवेदक काय टिपतात? त्यासाठी पुस्तक उघडायला नको, आपली मराठी भाषा उघडली तरी पुरे. आपण म्हणतो, घाम फुटला, काळीज धडधडले, हातपाय गार पडले. ह्या एकेका वाक्प्रचारासाठी एकेक यंत्र निघाले आहे.

घाम फुटण्याचे घ्या. आपल्या तळहातांत आणि बोटांच्या टोकांत घर्मग्रंथी दाटीने असतात. त्यांचा ताबा आपल्या इच्छेकडे नसून शरीराला आणीबाणीसाठी सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेकडे असतो. मन ढवळले की तिथे किंचित ओल येते, कधी आपल्याला कळणारही नाही इतकी. घामात मीठ असते आणि खारट पाण्यातून वीज सहज वाहते. म्हणून दोन बोटांना दोन पट्ट्या लावून, मुळीच न जाणवणारा वीजप्रवाह सोडला, तर त्वचा किती ओलावली ते मोजता येते. काळीज धडधडण्यासाठी मनगटी घड्याळाच्या पोटात हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला मनगटातले रक्त कमीअधिक होते, तसा परत येणारा प्रकाशही कमीअधिक होतो, आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजते. हातपाय गार पडणे हीही नुसती म्हण नव्हे. भीतीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटाचे तापमान खरोखरीच उतरते. छोटा तापमापक ते दाखवतो.

ही विद्या तशी जुनी आहे. फ्रान्समध्ये फेरे ह्यांनी १८८८ साली आणि रशियन शास्त्रज्ञ तार्खानोव्ह ह्यांनी १८९० साली, मनातल्या खळबळीबरोबर त्वचेतली वीज बदलते, असे दाखवून दिले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमध्ये कार्ल युंग हे मानसरोगतज्ज्ञ रुग्णापुढे एकेक शब्द उच्चारीत आणि यंत्राचा काटा कोणत्या शब्दाला हलतो ते पाहत. काटा हलला की शब्द कुठेतरी लागला, एवढे कळे. का लागला, हे मात्र काटा सांगत नसे. त्यासाठी रुग्णाशी बोलावेच लागे.

आता निरोपांकडे येऊ. अमेरिकेतल्या एम. आय. टी. ह्या संस्थेत २००२ साली त्वचेच्या ओलीची नोंद गप्पांच्या निरोपाला जोडून पाहण्याचा प्रयोग झाला. जपानमध्ये हुआ वांग, हेल्मुट प्रेंडिंगर आणि ताकेओ इगाराशी ह्यांनी २००४ साली एक पद्धत मांडली. गप्पा मारणाऱ्याच्या बोटांना संवेदक लावायचा, आणि तो जे लिहील ती अक्षरे दुसऱ्याच्या पडद्यावर त्याच्या मनःस्थितीप्रमाणे हलती-डुलती दिसायची. २०१५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध कंपनीच्या घड्याळात तर आपल्या हृदयाचे ठोके दुसऱ्याच्या मनगटावर पाठवायची सोयच होती. २०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मोबाईलवरच्या निरोपांशेजारी पाठवणाऱ्याच्या हृदयाची गती दाखवून पाहिली.

पण जपानच्या त्या प्रयोगातली एक बारीक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. मन किती ढवळले आहे, हे बोटाच्या संवेदकावरून घेतले जाई. मन कशाने ढवळले, आनंदाने की दुःखाने, हे मात्र लिहिणाऱ्याने स्वतः सांगायचे होते. म्हणजे यंत्र बनवणाऱ्यांनाही ठाऊक होते की, यंत्र नुसती खळबळ मोजते. खळबळीचे नाव माणसालाच विचारावे लागते.

शिक्षक मंडळींना इथे भरतमुनींची आठवण होईल. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे रंग उडणे, अश्रू आणि प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे. कीर्तनात अष्टसात्त्विक भाव दाटून आले असे बुवा सांगतात, तेच हे. पाहा बरे, आठही शरीरावरच्या खुणा! परंतु भरताने अश्रू म्हणजे शोक असे समीकरण मांडले नाही. आनंदाने अश्रू येतात, क्रोधाने येतात, भयाने आणि शोकाने येतात, आणि धुराने किंवा थंडीनेही येतात, असे तिथे सांगितले आहे. घामाचेही तसेच. राग, भय, हर्ष, लाज ही कारणे जशी, तशीच ऊन, श्रम आणि आजारही. नाटकातल्या नटाने अश्रू ढाळले तर ते कशाचे, हे प्रेक्षकाला प्रसंगावरून कळते. प्रसंग काढून घेतला तर उरते ते डोळ्यातले पाणी.

आपल्या जालन्याच्या मे महिन्यात ह्या संवेदकांचे काय होईल, कल्पना करा. दुपारी बारा वाजता मोसंबीच्या बागेला पाणी देऊन आलेल्या शेतकऱ्याने बांधावर बसून "बरं आहे" असे दोन शब्द पाठवले, तर बोटे घामेजलेली आणि ठोके वाढलेले. यंत्राने ह्याला प्रक्षोभ म्हणावे? तो तर बिचारा सावलीत निवांत बसला आहे. कोणी नुकताच कडक चहा घेतलेला असतो, कोणाच्या अंगात कणकण असते. शरीराची वही एकच आणि तिच्यात जमाखर्च लिहिणारे पुष्कळ.

ह्यावरची सर्वांत सुंदर गोष्ट एम. आय. टी.च्याच रोझलिंड पिकार्ड ह्या विदुषींनी सांगितलेली आहे. भावनांची दखल घेणाऱ्या संगणकांचा विचार त्यांनी १९९७ साली एका ग्रंथात मांडला. त्यांच्या एका विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ स्वमग्न होता, त्याला बोलून काही सांगता येत नसे. त्याला कशाचा त्रास होतो ते कळावे म्हणून विद्यार्थ्याने सुट्टीत दोन मनगटी पट्टे घरी नेले. बाईंनी प्रयोगशाळेत नोंदी पाहिल्या, तर एका दिवशी एका मनगटावरचा आकडा आकाशाला भिडलेला आणि दुसऱ्या मनगटाचा जागच्या जागी. पट्टा बिघडला असेल अशी त्यांना शंका आली. शेवटी त्यांनी विद्यार्थ्याला फोन लावला आणि त्या वेळी घरी काय घडले होते ते विचारले. त्याने आपली टिपणवही पाहिली. भावाला अपस्माराचा झटका आला होता, त्याच्या थोडे आधीचीच ती नोंद होती. ह्या शोधातून पुढे झटक्याची सूचना देणारा पट्टा तयार झाला आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली त्याला मान्यता दिली. यंत्राचा उपयोग मोठा, यात शंका नाही. पण त्या उंच गेलेल्या रेघेचा अर्थ कशाने लागला? एका फोनने आणि भावाने लिहून ठेवलेल्या वहीने.

श्रोतेहो, इथवर आपण एका घड्याळाची आणि पट्ट्याची गोष्ट बोललो. पण खळबळ आणि अर्थ ह्यांची गल्लत झाली म्हणजे काय होते, ह्याची एक काळीकुट्ट आठवण आपल्या महाराष्ट्राच्या पदरी आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप गावोगाव मोबाईलवरून फिरत होते. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. ते मुले पळवणारे आहेत अशा संशयाने जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारले. ते मुले पळवणारे नव्हते. पोटासाठी फिरणारे लोक होते.

क्षणभर असे समजा की, तो खोटा निरोप वाचणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर संवेदक होता. त्याने काय दाखवले असते? धडधड खरी, घाम खरा, लेकराच्या काळजीने उडालेली झोपही खरी. भीतीत खोट नव्हती. खोट निरोपात होती. आणि त्या निरोपाशेजारी पाठवणाऱ्याच्या हृदयाचे वाढलेले ठोके दिसले असते, तर वाचणारा म्हणाला असता, "बघा, हा माणूस किती घाबरला आहे, म्हणजे गोष्ट खरीच!" खऱ्या भीतीने खोट्या बातमीला साक्ष दिली असती.

अमेरिकेत शाख्टर आणि सिंगर ह्या दोघांनी १९६२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही लोकांना ठोके वाढवणारे औषध टोचले आणि शेजारी शिकवून ठेवलेला एक माणूस बसवला. कोणाच्या शेजारचा आनंदाने बागडे, कोणाच्या शेजारचा संतापाने कागद फाडी. औषधाने काय होईल हे ज्यांना सांगितले नव्हते, ते शेजाऱ्याच्या रंगात रंगू लागले, असे त्या दोघांना दिसले. पुढे ह्या प्रयोगावर पुष्कळ वाद झाले. पण आपल्या खळबळीला आपण भोवतालावरून नाव देतो, हे त्यातले मर्म जमाव पाहिलेल्या कोणालाही पटेल. एकट्याची काळजी जमावात शिरली की संताप होते.

शरीराच्या खुणांवर किती विसंबावे, हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढेही आलेला आहे. पुण्याच्या सत्र न्यायालयात २००८ साली एका खून खटल्यात, डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या चाचणीचा निष्कर्ष विचारात घेतला गेला आणि आरोपींना जन्मठेप झाली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर आश्चर्य व्यक्त केले. नंतर मुंबई उच्च न्यायालयाने आरोपी स्त्रीला जामीन दिला. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या खटल्यात ठरवून दिले की, नार्को, खोटे पकडण्याचे यंत्र आणि मेंदूच्या अशा चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीवाचून करता येणार नाहीत. संमतीने केल्या तरी त्यांचा निष्कर्ष हा आपोआप पुरावा ठरणार नाही. माणसाचे मन हे त्याचे स्वतःचे घर आहे. परवानगीवाचून त्यात शिरता येत नाही, असा ह्या निर्णयाचा सरळ अर्थ.

शिक्षक बंधुभगिनींनी ह्या गोष्टीचा विशेष विचार करावा. चीनमधल्या जिन्हुआ येथील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळाला पट्टे बांधून त्यांचे लक्ष किती आहे ते मोजले जात होते. लक्ष कमी की जास्त, त्याप्रमाणे पट्ट्यावरच्या दिव्याचा रंग बदले. २०१९ साली हे बाहेर आले, लोकांनी आरडाओरड केली आणि तो प्रकार थांबवण्यात आला. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्याने, शरीराच्या खुणांवरून भावना ओळखणारी यंत्रे शाळेत आणि कामाच्या ठिकाणी वापरण्यास बंदी केली आहे. औषधोपचार आणि सुरक्षितता एवढे अपवाद ठेवले आहेत. ही बंदी २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची संमती हवी आणि, काही अपवाद सोडता, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवू नये, असे त्यात म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. उद्या कोणी विक्रेता शाळेत येऊन "गुरुजी, हे घड्याळ मुलांना बांधा, कोण उदास आहे ते तुम्हांला बसल्या जागी कळेल" असे म्हणाला, तर हे सारे आठवावे. मूल गप्प का आहे, हे त्याला जवळ घेऊन विचारणारे गुरुजी आणि बाई ज्या शाळेत आहेत, तिथे घड्याळाची फारशी गरज नाही. आणि जिथे विचारणारे कोणी नाही, तिथे घड्याळाने सांगितले तरी ऐकणार कोण?

मग हे सारे शास्त्र टाकाऊ समजायचे काय? मुळीच नाही. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी त्याचा आधार किती मोठा होऊ शकतो, ते आपण त्या मुलाच्या गोष्टीत पाहिले. माझे म्हणणे एवढेच की, यंत्राला त्याच्या जागी बसवावे. आपल्या वैद्यकात रोग्याची परीक्षा तीन प्रकारांनी करायला सांगितली आहे: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. आधी पाहावे, मग हात लावून पाहावे आणि मग विचारावे. चांगला वैद्य नाडी पाहून गप्प बसत नाही. "झोप लागते का? भूक आहे का? दुखते ते कुठे?" हे तो विचारतोच. मनगटावरचे यंत्र हे स्पर्शन झाले. ते कितीही बारीक केले, तरी प्रश्न शिल्लकच राहतो. आणि प्रश्न विचारायला माणूस लागतो.

आता तीन साध्या गोष्टी सांगतो आणि संपवतो.

पहिली शाळेसाठी. फळ्यावर एकच वाक्य लिहा, "आलास का तू?" चार मुलांना ते वाक्य चार तऱ्हांनी म्हणायला लावा: आनंदाने, रागाने, काळजीने आणि थट्टेने. मग तेच वाक्य चिठ्ठीवर लिहून वर्गात फिरवा आणि विचारा, हे कोणत्या भावाने लिहिले? मुले गोंधळतील. लिहिलेल्या निरोपात काय हरवते, हा धडा त्यांना जन्मभर पुरेल.

दुसरी घरासाठी. मुलाचा 'हो' कोरडा वाटला तर त्यावर रात्र जाळू नये. फोन लावावा, आवाज ऐकावा. लिहिणाऱ्यानेही एवढे करावे की, "हो" ऐवजी "हो आई, जेवलो, आज फार दमलोय" असे लिहावे. पाच शब्द जास्त पडतील, पण आईला झोप लागेल.

तिसरी गावासाठी, आणि ती सर्वांत महत्त्वाची. एक संवेदक प्रत्येकाला जन्मतः मिळालेला आहे, आणि तो छातीत डाव्या अंगाला आहे. एखादा निरोप वाचून तो जोराने धडधडू लागला, हात लगेच पुढे पाठवण्याकडे गेला, तर समजावे की हीच थांबण्याची खूण आहे. ती धडधड आपल्या मनाविषयी सांगते, निरोपाच्या खरेपणाविषयी काहीही सांगत नाही. राईनपाड्याच्या घटनेनंतर व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येऊ नये, असे बंधन घातले. पण यंत्राचे बंधन पाचावर थांबते. उरलेले बंधन आपण घालायचे. ठोके शांत होऊ द्यावेत, पाठवणाऱ्याला विचारावे, "तू हे पाहिलेस का, की तुलाही आले?" आणि गावात अनोळखी माणूस दिसला तर हात उगारण्याआधी त्याला "पाहुणे, गाव कोणते तुमचे?" एवढे विचारावे. तरीही शंका राहिली तर ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. पुढचे काम त्यांचे.